खाचरातील इंजिन आणि खळ्यावरील मोटार

शेतकरी बंधूंच्या बैठकीत हल्ली एक वाद हटकून निघतो. पाणी उपसण्याचे पंप, गवत व भात कापण्याची खांद्यावरची यंत्रे, चिखलणीचे आणि कोळपणीचे छोटे टिलर, अशी जी लहान इंजिने गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या पडव्यांत येऊन बसली आहेत, ती दुरुस्त करून चालवीत राहावे, की मोडीत घालून विजेवर व बॅटरीवर चालणारी अवजारे घ्यावीत, असा तो वाद आहे. एक पक्ष म्हणतो, पेट्रोल शंभरीच्या पलीकडे गेले, आता इंजिनाचा नाद सोडा. दुसरा पक्ष विचारतो, आषाढात चार चार दिवस दिवा लागत नाही, त्या विजेच्या भरवशावर शेती करावी काय? दोन्ही पक्ष आपापल्या जागी खरे बोलतात. परंतु 'यंत्र' या एकाच शब्दाखाली ते निरनिराळ्या वस्तूंविषयी भांडत असल्यामुळे निकाल काही लागत नाही. शिवथरच्या खोऱ्यापुरता तरी या प्रश्नाचा नीट उलगडा व्हावा म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. जे काम घरापाशी, खळ्यावर किंवा विहिरीपाशी एका जागी बसून होते, ते विजेकडे द्यावे आणि लवकर द्यावे. जे काम खाचरात किंवा वरकसावर, बांधामागून बांध ओलांडीत करावयाचे, ते अजून काही वर्षे इंजिनाकडेच राहणार. आणि राहणार असेल, तर आज ज्या अनास्थेने आपण ती इंजिने ठेवतो तशी ठेवणे हा निव्वळ नागवण्याचा मार्ग आहे.

विजेवर आपल्या लोकांचा विश्वास का बसत नाही, हे समजून घेतले पाहिजे. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसावर खोपोलीचे वीजगृह १९१५ साली चालू झाले, भिवपुरीचे १९२२ साली आणि भिऱ्याचे १९२७ साली. तिन्ही आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात. पण ती वीज तारांवरून गेली मुंबईच्या गिरण्यांस आणि आगगाड्यांस. डोंगराचे पाणी व उतार आमचा, आणि आमच्या खेड्यांत मात्र त्यानंतर कित्येक दशके रॉकेलची चिमणी. राज्य वीज मंडळ १९६० साली स्थापन झाले, त्यानंतर हळूहळू तारा आत आल्या. २००५ साली त्या मंडळाचे विभाजन होऊन महावितरण झाले. खांब उभे राहिले हे खरे. परंतु डोंगराच्या कुशीतून, झाडीतून, दरडींच्या खालून आलेली ती तार वादळवाऱ्यात टिकतेच असे नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा खांब हजारोंनी आडवे झाले आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. विजेअभावी नळाचे पाणीही बंद पडले. पुढल्याच वर्षी, २२ जुलै २०२१ रोजी, महाड शहर पुराखाली गेले आणि आपल्याच तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्या दिवसांत ज्याच्या पडवीत चालू स्थितीतला पेट्रोल पंप असेल, त्याचे मोल शेजाऱ्यापाजाऱ्यांस वेगळे सांगावे लागत नाही. ज्याने असे दिवस पाहिले आहेत त्यास 'सर्व काही विजेवर करा' हा उपदेश रुचत नाही, यात नवल नाही.

तथापि वीज बेभरवशाची आहे म्हणून तिच्याकडे पाठ फिरविणे हेही शहाणपणाचे नव्हे. पंपाचाच हिशेब पाहू. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट विजेइतकी उष्णता असते; परंतु लहान इंजिन त्यातील पाचवा हिस्सा जेमतेम कामी लावते, बाकीची सायलेन्सरवाटे आणि डोक्याच्या पात्यांवाटे वाऱ्यावर जाते. तीन अश्वशक्तीचा पेट्रोल पंप भर जोरात चालला तर ताशी एक लिटर, किंबहुना अधिकच पितो. म्हणजे तासाला शंभर रुपये गेले. तेवढेच पाणी उपसणारी तीन अश्वशक्तीची मोटार ताशी तीन युनिटांच्या आतबाहेर वीज घेते. ही वीज घरगुती दराने धरली तरी खर्च पेट्रोलपेक्षा पुष्कळच कमी येतो. शिवाय साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत पाच वर्षे वीजबिल माफ, अशी राज्य सरकारची योजना आहे. ज्याच्या विहिरीपर्यंत खांब पोहोचला आहे आणि जो अजून पेट्रोलवर मिरची-वांग्यांस पाणी देतो, तो पेट्रोलवाल्याचा कूळ झाला आहे असेच म्हणावे लागते.

जेथे खांब पोहोचला नाही तेथे सौर पंपाचा विचार व्हावा. पंतप्रधान कुसुम योजना २०१९ साली निघाली; आपल्या राज्यात सर्वसाधारण शेतकऱ्यास किमतीच्या दहा टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यास पाच टक्के एवढाच वाटा भरावा लागतो. कोकणात चार महिने आभाळ दाटलेले असते, येथे सूर्याचा काय उपयोग, असा आक्षेप आम्ही पुष्कळदा ऐकतो. परंतु त्या चार महिन्यांत पाणी उपसावयाचे कोणास आहे? भात पावसावर होते, वाल आणि पावटा जमिनीतल्या ओलीवर येतो. उपसा लागतो तो भाजीपाल्यास आणि आंब्या-काजूच्या नव्या कलमांस, मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत, आणि तेव्हा आकाश निरभ्र असते. अडचण आहे ती दुसरीच. आमचे खोरे तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेले. कित्येक जागी ऊन उशिरा उतरते आणि लवकर निघून जाते. म्हणून तक्ते उभे करण्यापूर्वी मार्गशीर्ष-पौषात त्या जागेवर किती तास ऊन राहते ते स्वतः घड्याळ लावून पाहावे, दलालाच्या कागदावर विसंबू नये.

खळ्यावरच्या कामासंबंधी तर दुमत असण्याचे कारण नाही. पायाने चालवावयाच्या झोडणी यंत्रास एक अश्वशक्तीची लहान मोटार जोडता येते. चारा कापण्याचे यंत्र, उफणणीचा पंखा, ही सर्व घराच्या विजेवर चालतात. येथे पैशापेक्षाही मोठी एक गोष्ट आहे. महाड-पोलादपूरच्या खेड्यांतील तरुण पिढी मुंबईस, पुण्यास किंवा बिरवाडीच्या कारखान्यांत गेली. शेतावर राहिल्या त्या आयाबहिणी आणि साठीच्या पुढची माणसे. इंजिनाची दोरी ओढून ते चालू करणे हे वाटते तितके सोपे काम नाही. थंड पडलेले इंजिन दहा दहा झटके घेते, दोरी उलट ओढ देते, आणि दुखऱ्या खांद्याचा माणूस ते तसेच टाकून विळा हाती घेतो. मोटारीस कळ दाबली की पुरे. गेल्या काही वर्षांत पाठीवरचा फवारणीचा पंप हातपंपावरून बॅटरीवर गेला तो कोणाच्या उपदेशाने गेला नाही. ज्यास तो पाठीवर घ्यावयाचा त्यालाच तो बरा वाटला म्हणून गेला. अवजार कोणते घ्यावे हे ठरविताना, ते चालविणार कोण, हा प्रश्न पहिला विचारावा. आमच्याकडे तो बहुधा शेवटी विचारला जातो, कारण यंत्र घेण्यास जाणारा एक असतो आणि चालविणारी दुसरी.

आता खाचराकडे वळू. येथे मात्र विजेच्या कैवाऱ्यांशी आमचे जमत नाही. चिखलणीच्या गुडघाभर पाण्यात तारेवरची मोटार नेणे म्हणजे यमाशी खेळ. त्याविषयी चर्चाच नको. राहिली बॅटरी. खांद्यावरच्या बॅटरीच्या कापणी यंत्राचा आवाज कमी, थरथर कमी, धूर नाही. अंगणाच्या आणि बागेच्या साफसफाईस ते उत्तम. परंतु उंच वाढलेले दाट गवत कापू लागले म्हणजे अर्ध्या-पाऊण तासात बॅटरी बसते. वरकस घरापासून कोसभर चढावर. तेथे दिवसाचे काम करावयाचे तर तीन-चार बॅटऱ्या बरोबर पाहिजेत, आणि यंत्राच्या किमतीचा मोठा हिस्सा बॅटरीतच असतो. टिलरची गोष्ट तर दूरच. चिखल फिरविण्यास जी ताकद तासन् तास लागते ती पाठीवर वाहून नेता येईल अशी बॅटरी आमच्या पाहण्यात अद्याप आलेली नाही. पेट्रोलच्या बाटलीत जेवढी शक्ती मावते तेवढी त्याच वजनाच्या बॅटरीत मावत नाही, हे निसर्गाचे गणित आहे. कर्जत तालुक्यातील चंद्रशेखर भडसावळे यांनी गादीवाफ्यावर, चिखलणी न करता भात घेण्याची सगुणा पद्धत रूढ केली आहे. तिने मुळात इंजिनाचे कामच कमी होते. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया संस्थानाने २०२१ साली कायदा करून बागकामाच्या नव्या लहान पेट्रोल यंत्रांची विक्री २०२४ पासून बंद केली, हे वर्तमान पुष्कळांनी वाचले असेल, आणि 'पाहा, तेथे इंजिन बंद झाले' असा दाखला दिला जातो. तेथेही लोकांजवळची जुनी यंत्रे काढून घेतलेली नाहीत, हे दाखला देणारे सांगत नाहीत. शिवाय तेथील हिरवळ घराच्या दारात आणि विजेचे बटण भिंतीत. आंबे शिवथरच्या वरकसावर भिंतच नाही.

याचा अर्थ नव्यास विरोध करावा असा कोणी घेऊ नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी या शतकापूर्वीच्या शतकारंभी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल अशा समजुतीने शेतकरी त्यास शिवेनात. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली आणि पुढे तोच नांगर घरोघर गेला. जमीन काही विषारी झाली नाही. आमचा आक्षेप नव्या वस्तूस नाही. ती बिघडली तर बिरवाडीत किंवा महाडात ती उघडून बसणारा माणूस आहे काय, एवढेच आम्ही विचारतो. पेट्रोल इंजिनाचा मेकॅनिक मोटारसायकलींमुळे गावोगाव तयार झाला आहे. बॅटरीच्या यंत्रातील पाटी जळली तर ती पाटीच बदलावी लागते, आणि ती कोठून यावयाची? सरकारी अनुदानावर घेतलेली बॅटरीची दोन यंत्रे आमच्या पाहण्यात आहेत. तीन वर्षांत बॅटऱ्या निकामी झाल्या, विकणाऱ्याने ते नमुने बंद केले, आणि आता ती यंत्रे भाताच्या कणगीमागे उभी आहेत. यांत्रिकीकरणाच्या अनुदानाची योजना २०१४-१५ पासून आहे. तिने टिलर गावात आले हे मान्य. पण अनुदान मिळते ते खरेदीस. दुरुस्तीस दमडी नाही. म्हणून पाचशे रुपयांत उभे राहणारे इंजिन भंगारवाल्याच्या काट्यावर चढते आणि त्याच्या जागी कर्ज काढून दुसरे येते. आम्ही या व्यवहारास प्रगती म्हणावयास तयार नाही.

इंजिने मरतात कशाने? कामाने नव्हे; बसून. टिलर ज्येष्ठ-आषाढात महिनाभर राबतो आणि अकरा महिने बसतो. कापणी यंत्र दिवाळीनंतर भाद्रपदापर्यंत खुंटीला. पंप पावसाळाभर, म्हणजे हवेत सर्वांत अधिक ओल असते नेमका त्याच वेळी, पडवीत. टाकीत उरलेले पेट्रोल तसेच. पूर्वीही हे वाईटच होते. पेट्रोल उडून जाऊन कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात डिंकासारखा राप बसे. आता त्यात भर पडली आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ पासून विक्रीस आले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोहोचले. घाटावरच्या ऊसकरी बंधूंस त्यातून चार पैसे मिळतात, त्याबद्दल आमची असूया नाही. परंतु इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते, आणि ओल एका मर्यादेपलीकडे गेली की ते पाण्यासह पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. इंजिन तळाचेच ओढते. मग दोरी ओढून ओढून हात भरून येतात आणि लोक म्हणतात, इंजिन गेले. ते गेलेले नसते. कार्बोरेटर गंजलेला असतो, रबरी नळी फुगलेली किंवा चिरलेली असते, एवढेच.

उपाय साधा आहे आणि त्यास पाऊण तास पुरतो. काम संपले त्याच दिवशी टाकी रिकामी करावी; काढलेले पेट्रोल मोटारसायकलीत घालावे, मात्र त्यात टूटी तेल मिसळलेले नसावे. नळाची चावी बंद करून इंजिन आपोआप बंद पडेतो चालवावे, व कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सोडून उरलेला थेंबही काढावा. चार स्ट्रोकच्या इंजिनातील काळे तेल गरम आहे तोच काढून नवे भरावे. जुन्या तेलातील आम्ल आणि पाणी अकरा महिने आतील लोखंड खात बसते. प्लग काढून त्या भोकात चमचाभर स्वच्छ तेल सोडावे, दोरी दोनदा सावकाश ओढावी, आणि तिसऱ्यांदा ओढताना जेथे अडते तेथेच थांबावे, म्हणजे दोन्ही झडपा मिटलेल्या राहतात व ओल आत शिरत नाही. डोक्याच्या पात्यांत अडकलेला चिखल व पेंढा काडीने काढावा. ती पाती बुजली म्हणजे इंजिन तापून जाम होते.

हवा गाळण्याचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुवावा, वाळवावा, दोन थेंब तेल लावून पिळून बसवावा. कित्येक जण 'इंजिन मोकळे चालते' म्हणून हा स्पंज काढूनच टाकतात. मग भाताचे तूस आणि माती थेट सिलिंडरात जाते आणि दोन हंगामांत रिंगा घासून इंजिन तेल पिऊ लागते. टूटी तेलही अंदाजाने ओतू नये. कमी पडले तर दट्ट्या अडकतो, अधिक झाले तर प्लगवर काजळी. प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि त्यासाठी खुणेची बाटली मिळते. उतारावर चालणाऱ्या टिलरविषयी आणखी एक सांगणे आहे. अशा इंजिनांत तेल आतल्या आत उडवून सर्वत्र पोहोचविलेले असते. इंजिन फार तिरके चालले तर तेल एका बाजूस जमते आणि दुसरी बाजू कोरडी घासते. वरकसावर काम करताना तेलाची पातळी रोज पाहावी, आणि फार उभ्या चढावर यंत्र नेऊच नये.

बॅटरीवाल्यांनी हे वाचून हसू नये. त्यांच्या वस्तूही नेमक्या याच अनास्थेने मरतात. फवारणी पंपातील शिशाची बॅटरी पूर्ण उतरलेली असताना दिवाळीस ठेवून दिली तर पुढल्या आषाढात ती उठत नाही. तिला महिन्या-दोन महिन्यांनी वीज पाजावी लागते. लिथियमची बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून ठेवू नये. निम्मी भरून, कोरड्या जागी, चुलीपासून दूर ठेवावी. आणि विहिरीवरची मोटार जळते ती बहुधा विजेचा दाब उतरलेला असताना रेटून चालविल्याने.

आम्ही महसुलाच्या दप्तरात नोकरी केली, त्यामुळे ज्याची नोंद नाही त्याचा हिशेब लागत नाही ही सवय आमच्या अंगात मुरली आहे. प्रत्येक यंत्रामागे एक आण्याची वही, हल्लीच्या भाषेत दहा रुपयांची, ठेवावी: कोणत्या तारखेस किती तास चालले, पेट्रोल किती, तेल कधी बदलले, कोणता सुटा भाग कितीस आणला. दोन वर्षांची वही समोर ठेवली म्हणजे इंजिन ठेवावे की बदलावे हे बैठकीत वाद घालून ठरविण्याची गरज राहत नाही. ज्या पंपाचे पेट्रोल मोटारीच्या किमतीइतके झाले तो विकावा. जो टिलर वर्षाकाठी एक प्लग आणि लिटरभर तेल मागतो त्यास हात लावू नये.

संघाने यात काय करावे, एवढे सांगणे उरले. आमच्या सूचना तीन आहेत. कसबे, आंबे आणि कुंभे शिवथर मिळून दोन तरुणांस लहान इंजिने व मोटारी या दोहोंच्या दुरुस्तीचे शिक्षण संघाच्या खर्चाने द्यावे, आणि दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात त्यांनी गावोगाव फिरून यंत्रे बसविण्यापूर्वीची झाडलोट ठरलेल्या मजुरीवर करून द्यावी. सभासदांनी बॅटरीची अवजारे घ्यावयाची झाल्यास एकाच मेळाची घ्यावीत, म्हणजे एकाची बॅटरी दुसऱ्याच्या यंत्रास चालेल. आणि संघाने स्वतःच्या मालकीचे एक इंजिनाचे जनित्र ठेवावे. वादळात तार तुटली म्हणजे गावच्या विहिरीवरची मोटार चालावी आणि बॅटऱ्याही भराव्यात. प्लग, स्पंज, पडदे, इथेनॉलने न फुगणारी नळी, दोरी आणि स्प्रिंगा यांचा साठा करण्यास फारशी रक्कम लागत नाही. भाताच्या बियाण्याची वर्गणी जमते त्याच वेळी यंत्रामागे शंभर रुपये घेतले तर पहिल्या वर्षाची सोय होते. ज्या सभासदांस ही वर्गणी मान्य असेल त्यांनी आपापल्या यंत्राचा नमुना व इंजिनाचा प्रकार संघाच्या चिटणिसांकडे मकरसंक्रांतीपूर्वी लिहून द्यावा, म्हणजे सुटे भाग कोणते आणावयाचे ते ठरविता येईल.